सात वर्षं खबर नसलेला माणूस

व्हॅलेन्सियाचं लग्न झालं ते वर्ष दोन हजार सोळा. ईस्टरपूर्वीचा उपासकाळ लागायच्या आधी, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, मरोळला. आदल्या दिवशी बँड लावून विहिरीवरून पाणी आणलं, तेव्हा तिचा बाप लिओनार्ड सगळ्यांच्या पुढे नाचत होता. लग्नाचा पसारा आवरल्यावर तो भाड्याने आणलेले मोठे टोप परत द्यायला रिक्षाने गेला. टोप पोचले. लिओनार्ड घरी आला नाही.

त्याला विसरायला होत होतं. विक्रोळीच्या कारखान्यात उभा जन्म काढलेला माणूस, पण निवृत्तीनंतर एकदा जुन्या मित्रांना भेटायला निघाला आणि नाहूर स्टेशनवर उतरून बाकावर बसून राहिला. म्हणून त्याच्या बायकोने, एडनाने, आधी नाहूर पालथं घातलं, मग विक्रोळी. कुणी म्हणालं, आरेच्या बसमध्ये दिसला. ती आरेतल्या पाड्यापाड्यांवर फोटो घेऊन हिंडली. गोठ्यातल्या माणसांनी तिला बसवलं, पाणी दिलं आणि माना हलवल्या. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली.

पहिल्या वर्षी लोक विचारायचे. दुसऱ्या वर्षी विचारायला लाजायचे. नंतर एडना जिन्यावर दिसली की बोलणं पाण्याच्या वेळेवर जायचं. व्हॅलेन्सिया नवऱ्याबरोबर मस्कतला गेली. एडना विधवा असती तर लोक समजूत घालायला तरी आले असते, नवरा घरी असता तर जोडीने बोलावणं आलं असतं. ती दोन्हीकडची नव्हती. पत्रिकेवर नाव काय घालावं हे न सुचल्यामुळे कितीतरी लग्नांच्या पत्रिका तिच्यापर्यंत आल्याच नाहीत.

घरात तारेचा जुना फोन होता. लिओनार्डला तेवढा एकच नंबर पाठ होता, म्हणून तिने तो काढू दिला नाही. कधीमधी तो वाजायचा आणि पलीकडून कुणी बोलायचं नाही. एडना बोलायची. "लिओ, तू आहेस का रे? जेवलास का?" जरा वेळ श्वासासारखं काही ऐकू यायचं, मग फोन बंद. त्या दिवशी तिला दोन घास जास्त जायचे.

सात वर्षं सरली आणि देवदत्त राजाध्यक्ष दारात उभा राहिला. सोसायटीचा चेअरमन, आणि पत्त्यांत लिओनार्डचा भिडू. इमारत मोडकळीला आली होती, पाडून नवी बांधायची होती. बाकी सगळ्या घरांच्या सह्या झाल्या होत्या. एडनाचा ब्लॉक लिओनार्डच्या एकट्याच्या नावावर होता.

"कायदाच आहे, एडना. सात वर्षं ज्याची खबर नाही त्याला कोर्ट मेलेला धरतं. तू फक्त जाऊन सांगायचं."

"मी सांगू? तुझा दोस्त होता ना? तू सांग."

"माझं कोण ऐकतंय तिथे? बायकोनेच सांगावं लागतं."

"मग थांब. तो आला की सही त्याचीच घे."

"पत्त्यांत पण तो असंच करायचा," देवदत्त चिडून म्हणाला. "हरायला लागला की उठून जायचा."

एडनाने त्याच्या तोंडावर दार लावलं. ते वर्षभर कुणासाठी उघडलं नाही.

पुढच्या मे महिन्यात खालच्या मजल्यावर मृणालिनीच्या घरात छताचा तुकडा निखळून पाळण्यात पडला. पाळणा रिकामा होता. आईने मुलीला नुकतंच आंघोळीला नेलं होतं. मृणालिनी भांडायला वर आली नाही. एडनाच खाली गेली. पोरीला टॉवेलात गुंडाळून मृणालिनी भिंतीला टेकून उभी होती.

"आंटी, तुमच्यावर राग नाही हो माझा," ती म्हणाली. "पण आता हिला कुठे झोपवू, ते तुम्ही सांगा."

उन्हाळ्याची सुट्टी संपून सोमवारी कोर्ट उघडलं तशी एडना दिंडोशीच्या कोर्टात गेली आणि गंधाली नावाच्या वकीलबाईने पुढे केलेल्या कागदांवर मुकाट्याने सह्या केल्या.

साक्षीची पाळी यायला वर्ष गेलं. व्हॅलेन्सियाने आपलं म्हणणं मस्कतहून लिहून पाठवलं होतं. आत जाण्याआधी गंधालीने बजावलं, "त्या फोनांचं मात्र काढू नका हं."

"शपथ घेऊन?"

"आंटी, प्लीज ना. पंधरा घरं अडकलीत."

एडनाने देवासमोर खरं सांगायची शपथ घेतली. सरकारी वकील तरुण होता, घाईत होता. "एवढ्या काळात त्यांचा काही फोन, निरोप?"

"फोन येतात," एडना म्हणाली.

गंधालीने डोळे मिटले. मागच्या बाकावर देवदत्त खोकला.

न्यायाधीशबाईंनी मान वर केली. "कुणाचे?"

"तिकडून कुणी बोलत नाही. मीच बोलते."

"तुम्हाला वाटतं, ते तुमचे यजमान आहेत?"

हो म्हटलं की लिओनार्ड जिवंत राहत होता, आणि मृणालिनीची पोर त्याच छताखाली. एडनाने कठडा घट्ट धरला.

बाईंनी हळूच विचारलं, "तुम्ही काय बोलता त्यांच्याशी?"

"जेवलास का, विचारते."

"मग?"

"मग काही नाही." हे बोलली आणि ती थबकली. फोन येतात एवढंच ती आजवर सांगत आली होती, त्यापुढचं कुणाला सांगितलंच नव्हतं, त्यामुळे स्वतःही कधी नीट ऐकलं नव्हतं. "बाई, लिओनार्ड रस्ता विसरला होता. मला दोनदा 'तुम्ही कोण' म्हणाला. पण जेवलास का विचारलं आणि तो गप्प राहिला, असं आमच्या संसारात कधी झालं नाही. पोट भरलेलं असलं तरी 'काय केलंयस?' म्हणायचाच. हा गप्प राहणारा दुसरा कुणीतरी आहे."

"म्हणजे त्यांची खबर नाही?"

"नाही," एडना म्हणाली. "नऊ वर्षं झाली. नाही."

निकाल बाजूने लागला. गंधालीने तो कोर्टाबाहेर वाचून दाखवला. चर्चमध्ये त्याच्या आत्म्यासाठी मिस्सा सांगायची तर मेल्याचा दिवस लागतो, म्हणून एडनाने विचारलं, "टोप द्यायला गेला तीच तारीख धरली ना?"

"नाही, आंटी. माणूस गेला असं कायदा धरून चालतो. पण कधी गेला, ते पुराव्याशिवाय सांगत नाही. दावा लावला तो दिवस धरलाय."

"मी सह्या केल्या तो?"

"कायद्यात तसंच असतं. मनाला लावून घेऊ नका."

"म्हणजे त्या सकाळपर्यंत होता," एडना म्हणाली.

देवदत्तने तिच्यासाठी रिक्षा थांबवली होती. ती बसने गेली.

मिस्सेला सगळ्या घरांतली माणसं आली. मृणालिनी पोरीला घेऊन आली. इतकी वर्षं अडून राहिलेलं सांत्वन त्यांनी एका सकाळी उरकलं, एडनाचे हात हातात घेतले आणि सगळी कामाला गेली. बाक रिकामे झाल्यावर फादरनी वहीत मृत्यूची नोंद करायला दिवस विचारला. एडनाने कोर्टाने दिला तोच सांगितला.

लिओनार्ड बाप्टिस्टा, राहणार मरोळ, वय सत्तर, सोमवारी दहा जून दोन हजार चोवीस रोजी वारला.