अंदमानात वाजलेला राजुरीचा टाळ

रामकृष्णहरी, मित्रांनो. आधी हात जोडावेत आणि मग नाव सांगावं, ही आमच्या राजुरीची रीत. मला हात नाहीत, पण मी जन्मापासून जोडलेलाच आहे. काशाच्या दोन वाट्या आणि मधे एक सुती दोरी. वाट्या दोन असल्या तरी बोल एकच, म्हणून मी स्वतःला ‘आम्ही’ म्हणत नाही. मी एक जुना टाळ आहे आणि खरं सांगायचं तर थोडा गर्विष्ठही आहे. समुद्र ओलांडून गेलेला दुसरा टाळ जुन्नर तालुक्यात असेल, तर तो मला तरी भेटलेला नाही.

जुन्नरच्या एका ओताऱ्याच्या भट्टीत माझा जन्म झाला. तांबं आणि कथील एकत्र वितळलं, मातीच्या साच्यात उतरलं आणि थंड झालं. तो ओतारी फार कडक माणूस. एकेक वाटी दोरीला टांगून वाजवायचा. जिचा नाद दुसरीशी जुळला नाही ती पुन्हा भट्टीत. माझ्या दोन्ही वाट्या एकमेकींना लागल्या तेव्हा त्यानं कान जवळ आणला, नाद पुरता विरेपर्यंत हलला नाही आणि म्हणाला, “ही जोडी ऐकणाऱ्या माणसाला द्यायची.”

राजुरीचे भगवंत, म्हणजे आमचे आबा, तेव्हा पंचविशीत होते. त्यांनी मला एकदा वाजवलं आणि लगेच उपरण्यात गुंडाळलं. त्याच वर्षी त्यांचं सरूबाईंशी लग्न झालं आणि त्याच वर्षी त्यांनी नेम धरला. दिवेलागणीला, देवापुढं दिवा लागला की टाळ घेऊन भजन करायचं, एक दिवसही चुकवायचं नाही. एक्केचाळीस वर्षं झाली, मित्रांनो. मुलगा गोकुळ झाला त्या संध्याकाळीही भजन झालं. नारायणगावला डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा पट्टी बांधलेल्या आबांनी दवाखान्याच्या व्हरांड्यात मला अगदी हलक्या हातानं वाजवलं होतं, शेजारच्या पेशंटला जाग येऊ नये म्हणून.

माझे खरे दिवस म्हणजे सप्त्याचे. मांडवात कीर्तन उभं राहिलं की मागच्या ओळीत वीस-पंचवीस टाळ असत, पण माझा नाद मृदंगावरूनही तरंगत जाई. महाळुंगे पडवळहून आलेले एक बुवा भर कीर्तनात थांबले, मागं वळले आणि म्हणाले, “हा टाळ कुणाचा? हा वाजला की मला पुढचं आपोआप सुचतं.” सगळा मांडव आबांकडं बघू लागला. ती शाबासकी मी अजून काठावर मिरवतो. त्या कीर्तनात बुवा पुढं काय बोलले हे मात्र मला आठवत नाही. वाजत असताना टाळाला स्वतःचाच नाद ऐकू येतो. ही माझी खोड आहे, ती पुढं उघडी पडणार आहे.

मग घरात भिंतीवरचं घड्याळ आलं. डेअरीवर दूध घालून आबा पावणेसातला परतत, हातपाय धूत आणि सातचा ठोका पडला की बसत. दिवाही सातलाच लागू लागला. सरूबाई दिवा लावायच्या आणि उंबऱ्याशी बसून शेंगा नाहीतर लसूण सोलायच्या. धृपद त्याही म्हणायच्या, पण मला त्यांचा हात कधी लागला नाही. कुणी अडवलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. गावात लाऊडस्पीकर आले, मोबाईलवर कीर्तनं आली, आबांबरोबर भजनाला बसणारे एकेक कमी झाले. दिवसातला अर्धा तास सोडला तर मी खुंटीवर. माझ्यावर धूळ बसू लागली होती.

गोकुळ टपाल खात्यात आहे. त्याला सरकारी सवलतीत कुटुंबाला अंदमानला नेता येणार होतं. आबा म्हणाले, तुम्ही जा, मला नेम आहे. सरूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी साठ वर्षांत समुद्र पाहिला नव्हता. त्या गप्प बसण्यानंच आबा विरघळले असावेत. त्यांनी एकच अट घातली. टाळ बरोबर येईल आणि रोज सातला भजन होईल.

पुण्याच्या विमानतळावर यंत्रातून मी पुढं सरकलो आणि तिथला शिपाई थबकला. दोरीनं बांधलेल्या दोन जड वाट्या, त्याला काही उमगेना. आबांनी विचारलं, वाजवून दाखवू का? एक ठोका पडला. सगळी रांग वळून पाहू लागली. शिपायानं नाद विरेपर्यंत थांबून मान डोलावली आणि मला पिशवीत परत ठेवलं. मित्रांनो, मी विमानात आबांच्या मांडीवर बसून गेलो.

पोर्ट ब्लेअरच्या लॉजवर पोचलो तेव्हा सगळे दमले होते. जाड पडदे ओढून झोपले. सातला आबा उठले, आरोहीनं, म्हणजे गोकुळच्या मुलीनं, निरांजन लावलं आणि भजन झालं. नंतर आबांनी दारामागची खुंटी पाहिली आणि मला तिच्यावर टांगलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे गाडीत बसले. बेत असा होता की बेटावरच्या रस्त्यानं रंगत नावाच्या गावी जायचं, एक मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी परतायचं. सूनबाईंनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतली, आरोहीनं दुर्बीण घेतली. मी खुंटीवरच. दार लागलं, कुलूप फिरलं, पंखा थांबला. पावलं जिन्यावरून खाली गेली.

तेवढा भयाण वेळ मी दुसरा पाहिला नाही. खोली झाडायला कुणी येईल, मला उचलून कुठल्या तरी कपाटात टाकेल, तिथं मला मराठीतलं कुणी भेटणार नाही, असं काय काय मनात येत होतं.

दोन तासांनी गोकुळ धापा टाकत आला. गाडी पार पुढच्या चौकीजवळ पोचल्यावर आबांनी पिशवी चाचपली होती. गाडीत बसल्यावर गोकुळ इतकंच म्हणाला, “आबा, खुंटी दिसली की टांगायचंच का तुमी?”

“चाळीस वर्साचा हात हाय बाबा,” आबा म्हणाले. “त्याला काय ठावं, गाव बदललंय.”

या येरझारीत दुपारचा ताफा हुकला. त्या जंगलातून गाड्या एकट्यानं जात नाहीत, ठरलेल्या वेळी पोलिसांबरोबर ओळीनं सोडतात. आम्हाला शेवटचा ताफा मिळाला. गोकुळनं हिशेब केला. रंगतला पोचायला आठ वाजणार, म्हणजे सातला रस्त्यातच कुठं तरी गाडी थांबवावी लागणार. आबांनी नाराजीनं का होईना, मान हलवली.

पिशवीतून बाहेरचं काही दिसत नव्हतं. पण मी सरूबाईंच्या मांडीवर होतो आणि आरोही खिडकीला चिकटून सगळं बोलून दाखवत होती. झाडं इतकी उंच की शेंडा दिसत नाही. वेली इतक्या जाड की येडगावच्या धरणावरचा दोरखंड फिका पडावा. मधेच ऊन, मधेच अंधार. ड्रायव्हर पप्पूनं आधीच बजावलं होतं की इथं थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, हे जंगलातल्या माणसांचं घर आहे. आरोहीनं दुर्बीण पिशवीत घातली. आबा म्हणाले, दुसऱ्याच्या अंगणातून जावं लागलं तर मान खाली घालून जावं. त्या सगळ्या रस्त्यात आमच्या गाडीत कुणी मोठ्यानं बोललं नाही. असं शहाणं कुटुंब आपलं आहे, याचा मला अभिमान वाटला.

जंगल संपलं तिथं खाडी लागली. गाड्या फेरीबोटीवर चढवून पलीकडं न्यायच्या होत्या. पुढं लांब रांग. सगळे खाली उतरले. खारं वारं पिशवीत शिरलं. आरोही पाटी वाचत होती, मगरींपासून सावध राहा. आणि मग ती म्हणाली, “आजी, रात्र झाली.”

आबांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. “पाच वाजल्यात. ढग आलं असतील.”

ढग नव्हते. पप्पूनं हिंदीत समजावलं. हे बेट फार पूर्वेला आहे, चाचा. थंडीत इथं पहाटे पाचला उजाडतं आणि संध्याकाळी पाचला सूर्य बुडतो. रोजचंच आहे.

आबांनी बोटांवर तास मोजले. मग म्हणाले, “म्हंजी काल सातला आपून बसलो, तवा दिवेलागण व्हऊन दोन तास झालं व्हतं.”

गोकुळ म्हणाला, त्यानं काय होतंय. पण आबा धक्क्यावरच्या दगडावर जाऊन बसले. “नेम कालच मोडला. मला कळलंबी न्हाई. आता आज करून काय उपेग? ऱ्हाऊ दे. टाळ उघडू नगा.”

मित्रांनो, मी एक्केचाळीस वर्षं ज्या हातात वाजलो, त्या हाताचा मालक मला उघडू नका म्हणत होता. हा माणूस एकदा हट्टाला पेटला की गावातलं कुणी त्याला हलवू शकत नाही, हे मला माहीत होतं. गोकुळनं समजावलं. सूनबाई म्हणाल्या, देव समजून घेईल. आबांनी मान वर केली नाही. आमची गाडी बोटीवर चढली, माणसं मागून चढली. आबा कठड्याला टेकून पाठमोरे उभे राहिले.

तेव्हा सरूबाईंनी पिशवीची गाठ सोडली.

“आवं, ते महाळुंग्याचं बुवा काय म्हणलं व्हतं, ध्यानात हाय का?”

“माझा टाळ वाखाणला व्हता.”

“त्ये सोडा. त्याच्याफुडं काय म्हणलं?”

आबांना आठवेना. मलाही आठवेना. आमची दोघांची सारखीच गत.

“तुमी वाजवत व्हता. म्या ऐकत व्हते,” सरूबाई म्हणाल्या. “बुवा म्हणलं, दिवा घड्याळ बघून लावत न्हाईत, अंधार बघून लावत्यात. काल पडदं लावल्यालं व्हतं, आपल्याला अंधार दिसला न्हाई. न दिसल्याचा दोष न्हाई. आज दिसलाय. आज गप बसला, तर मोडला म्हणा.”

त्याच वेळी बोटीवरच्या माणसानं बटण दाबलं आणि डोक्यावरचा पिवळा दिवा लागला.

“घ्या,” सरूबाई म्हणाल्या, “दिवाबी लागला. मला उठावंबी लागलं न्हाई.”

आबा वळले. दिव्याकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं. गोकुळ म्हणाला, “हळू वाजवा आबा, मगर वर यायची.”

“यिऊ दे,” सरूबाई म्हणाल्या, “ऐकंल.”

आबांनी मला हातात घेतलं. पहिला ठोका पडला आणि तो पाण्यावरून असा गेला की मी स्वतःच थक्क झालो. मांडवात कापड नाद पितं, घरात भिंती अडवतात. इथं अडवायला काहीच नव्हतं. आबांनी भजन धरलं, सरूबाईंनी धृपद उचललं, आरोहीनं टाळ्या धरल्या. गाड्यांमधली माणसं काचा खाली करू लागली. एक म्हातारे बंगाली आजोबा कोंबड्यांची टोपली ठेवून जवळ आले. त्यांचे वडील फाळणीनंतर इथं वसले होते. त्यांना मराठीचा एक शब्द कळत नव्हता, पण हरीचं नाव त्यांनी बरोबर ओळखलं. डोळे मिटून ‘हरि बोल, हरि बोल’ म्हणत ते आमच्या तालात टाळ्या वाजवू लागले. मग त्यांच्या मागचे चौघं. मग पप्पू. राजुरीत आमच्या भजनाला इतकी माणसं कित्येक वर्षांत जमली नव्हती.

बोट पलीकडं लागली तेव्हा आजोबांनी मला दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावलं. त्यांच्या घरीही असाच टाळ आहे म्हणे, पण लहान. आबा त्यांना म्हणाले, राजुरीला या. दोघांनाही ठाऊक होतं की येणं होणार नाही. तरी बोलावणं खरं होतं.

रंगतच्या मुक्कामी मला कुणी खुंटीवर टांगलं नाही. आबांनी उशाशी घेतलं. पहाटे पाचला उजाडलं तशी सगळी मंडळी समुद्रावर गेली आणि सरूबाई गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या, मला छातीशी धरून, खारं पाणी लागू नये म्हणून उंच. लाट आली की त्या हसायच्या आणि त्या हसण्यानं माझ्या वाट्या एकमेकींना हळूच लागायच्या.

आता आम्ही राजुरीला परतलो आहोत. भिंतीवरचं घड्याळ आहे तिथंच आहे, सातला ठोकेही देतं. पण आबा संध्याकाळी ओट्यावर येतात आणि आत बघून विचारतात, “सरू, अंधार पडला का गं?” त्या पडला म्हणाल्या, की दिवा लागतो. आणि मित्रांनो, टाळ आता सरूबाईंच्या हातात असतो. दूध घालायला गोकुळ जातो, आबा उंबऱ्याशी बसून लसूण सोलतात आणि ऐकतात. ठोका कधी चुकतो. चुकू दे. ओताऱ्यानं ज्या ऐकणाऱ्या माणसासाठी मला राखून ठेवलं होतं, त्याच्या हाती पोचायला मला एक्केचाळीस वर्षं आणि एक समुद्र लागला.

तुमच्याही घरात खुंटीवर, माळ्यावर, फळीच्या मागं माझ्यासारखं कुणी असेल. त्याला नुसतं घासून लखलखीत करून ठेवू नका. काशाचा मळ घासून जातो, मुकेपण जात नाही. त्याला वाजवा. आणि वाजवता वाजवता मधे एकदा थांबा, उंबऱ्याशी कोण बसलंय ते पाहा, आणि टाळ त्याच्या हातात द्या.