टॅल्बर्ट स्ट्रीटची फळी

“काका, हात मागे घ्या. चित्राला शिवायचं नाही.”

पहारेकऱ्याचा आवाज ऐकून व्हर्डेल गेन्स वळली. संग्रहालयात आज तिच्या चित्राचं उद्घाटन होतं. आठ फुटी फळीवर कागद, कापड, पत्रा चिकटवून, शिवून, ठोकून, वर रंग देऊन तिनं आपली जुनी गल्ली, टॅल्बर्ट स्ट्रीट, उभी केली होती. काठी टेकत आलेल्या एका म्हाताऱ्यानं त्यातल्या एका कागदावर बोट ठेवलं होतं.

“अरे, आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीचा कागद आहे हा! यावर छापलेल्या नासपतींना मी पेन्सिलीनं डोळे काढलेत. मार खाल्लाय त्यासाठी!”

व्हर्डेल जवळ गेली. “लुशस टिलमन?”

“तू कोण गं?”

“धोबिणीची व्हर्डेल.”

“ती कचरा वेचणारी?”

“तीच!” ती खळखळून हसली.

हमरस्त्यासाठी गल्ली पाडली, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. रिकाम्या घरांत शिरून तिनं पडद्यांचे तुकडे, दारांवरचे आकडे, भिंतींचे कागद गोळा केले. “लोक भांडी हलवताहेत आणि माझी लेक भिंती सोलत बसलीय,” आई कपाळावर हात मारून म्हणायची. पुढं एकेचाळीस वर्षं व्हर्डेलनं इस्पितळाच्या चादरींना इस्त्री केली आणि संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती गल्ली जुळवली. पाद्रीबाई एकदा म्हणाल्या होत्या, “गोधडी म्हणावी, तर पांघरता येत नाही.” संग्रहालयानं बोलावलं, तेव्हा व्हर्डेलला चौऱ्याहत्तरावं लागलं होतं.

संचालिका धावत आली. “मिस व्हर्डेल, कागद फार जुना आहे. हातांच्या घामानं वर्षभरात विरून जाईल. उद्याच काच बसवते.”

घरी व्हर्डेलनं स्वतःच्या भाचीलाही कधी फळीला हात लावू दिला नव्हता. पण लुशसच्या मागं आता रांग लागली होती. एक बाई पडद्याचा तुकडा चिमटीत धरून रडत होती. दुसरी ओरडत होती, “बघा, आमचा सतरा नंबर!”

“काच नको,” व्हर्डेल म्हणाली.

“मग आम्हाला हे कायमचं ठेवून घेता येणार नाही. प्रदर्शन संपलं की परत न्यावं लागेल.”

या भिंतीवर कायमची जागा मिळावी, म्हणून व्हर्डेलनं आयुष्यभर वाट पाहिली होती.

“नेईन,” ती म्हणाली. “आमच्या चर्चच्या हॉलमध्ये लावीन.”

दीड महिन्यानं फळी हलवायची वेळ आली, पण एवढी लांब गाडी कुणाकडे नव्हती. शेवटी लुशसनं पुतण्याची शववाहिनी आणली. टिलमनांचा धंदाच अंत्यविधीचा. चौघांनी फळी अलगद आत सरकवली. पुतण्या गाडी चालवायला बसला, शेजारी लुशस आणि व्हर्डेल.

वाटेत समोरून येणाऱ्या मोटारी शववाहिनी पाहून एकेक करून कडेला थांबू लागल्या. दुकानाच्या पायरीवरचे म्हातारे उठून उभे राहिले, त्यांनी टोप्या काढून छातीशी धरल्या.

“अगं बाई,” व्हर्डेल कुजबुजली, “आत कुणी नाही, म्हणून सांगावं का त्यांना?”

लुशस काचेतून बाहेर पाहत राहिला. “राहू दे. आपली गल्ली आहे ना आत.”

पुतण्यानं गाडी आणखी हळू केली. व्हर्डेलनं मांडीवरची पर्स सरळ केली आणि ती ताठ बसली.