शेवटचं बोलणं माझं

शुक्रवारी सकाळपासून माझा पाय थांबत नव्हता. कुठेही बसले की टाच आपटायला लागते. आई म्हणायची, या पोरीला खुर्चीला बांधून घाला. कुलगुरू झाले, केस पांढरे झाले, खोड काही गेली नाही.

त्या दिवशी कारणही तसंच होतं. सोमवारी कार्यकारिणीत मतदान होतं: आमचा पशुवैद्यक विभाग, त्याचा गुरांचा दवाखाना, सगळं बंद करायचं आणि तिथे संगणकाची नवी संस्था काढायची. पैसा एका खाणकंपनीचा. कार्यकारिणीचे अध्यक्ष मोत्लाबाने हसत हसत मला म्हणाले होते, "प्रोफेसर, भविष्य काही शेणात सापडत नाही." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे विद्यापीठ शेणातूनच उभं राहिलंय! सरकारकडे दमडी नव्हती तेव्हा गावोगावच्या लोकांनी घरटी एकेक जनावर दिलं. माझ्या केबोनांगमामाने आपली दुभती तांबडी गाय दिली आणि वर्षभर मामीची बोलणी खाल्ली. फाटकावर अजून शिंगं रंगवलेली आहेत आणि खाली लिहिलंय, 'लोकांचं विद्यापीठ'. त्या पाटीखालून मी रोज गाडीत बसून जाते.

मग नाही म्हणायचं ना तोंडावर? म्हणाले असते. पण डिसेंबरात माझी मुदत संपत होती आणि पुढची मुदत देणं मोत्लाबानेंच्या हातात होतं. म्हणून मी डोकं चालवलं. शुक्रवारी लोकांनाच बोलावते, म्हटलं. गाव एकमुखाने नाही म्हणालं की कार्यकारिणीची काय बिशाद? माझ्या अंगाला काही लागणार नाही.

आमच्याकडे मोठा विषय आधी मारुलाच्या झाडाखाली, खोत्लात म्हणजे गावसभेत मांडायचा असतो. ज्याच्या जागेत झाड, तो मुख्य; तो विषय सांगतो आणि गप्प बसतो. मग ज्याला वाटेल तो बोलतो, शिव्यासुद्धा घालतो. मुख्याने सगळं ऐकून शेवटी बोलायचं, आणि तो बोलला की ठरलं. सगळे "पुला!" म्हणतात. पाऊस पडो, एवढंच. त्यानंतर कुणी ब्र काढत नाही. हे झाड विद्यापीठाच्या आवारातलं, म्हणून मुख्य मी. गावचा खोसी, म्हणजे गावप्रमुखसुद्धा त्या दिवशी बाजूला बसला.

माणसं आपापल्या खुर्च्या घेऊन आली. मी डोक्याला रुमाल, खांद्यावर शाल अशी उभी राहिले, विषय मांडला आणि बसले.

कुणीच बोलेना.

आमच्या म्हाताऱ्यांची ही सवय मला काय माहीत नव्हती? ते आधी टोपी काढणार, घसा खाकरणार, आभाळाकडे बघणार. पण माझी टाच आपटायला लागली होती. बोला की रे! मोत्लाबानेंचा माणूस मागे उभा राहून फोनवर बोटं चालवत होता. हे असेच गप्प बसले तर? कोपऱ्यात केबोनांगमामाने खुर्चीच्या हातावर हात टेकला होता, खुर्ची करकरलीसुद्धा. मी थांबायला हवं होतं. पण मला वाटलं, जरा डिवचावं, म्हणजे पेटतील. मी ताडकन उठले आणि कार्यकारिणीच्या प्रस्तावातलं वाक्य फाडकन वाचलं: "विभाग बंद होईल, नवी संस्था येईल."

मामाने हात काढून घेतला.

मग एकेक टोपी डोक्यावर चढली. "पुला," कुणीतरी म्हणालं, अगदी हळू. मग सगळेच म्हणाले. खुर्च्या मिटल्या. "अहो, थांबा, अजून..." पण शेवटचं बोलणं माझं होतं, आणि मी बोलून बसले होते.

मी दवाखान्याकडे धावले. मामा उपचाराला आणलेली आपली गाय सोडवून घेत होता, तिच्या खुराला ताजं औषध लावलेलं होतं.

"मामा, तुम्ही उठत होतात ना? मग बोलला का नाहीत?"

"तू बोललीस ना."

"मला तुम्ही नाही म्हणायला हवं होतं!"

मामाने दोरी हाताला गुंडाळली. "तुला स्वतःला काय वाटतं?"

"बंद होऊ नये असंच वाटतं. पण मी म्हटलं तर खुर्ची जाईल माझी."

"हां." तो हसला, पण मला ते हसणं झोंबलं. "आमच्या खांद्यावर बंदूक ठेवायची होती होय बाईसाहेबांना! अगं ओनालेना, मी गाय दिली तेव्हा तुझी मामी वर्षभर मला बोलत होती. मी नव्हतं शेजाऱ्याला म्हटलं, माझ्या वतीने तू दे."

मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. मामाचा नाही.

सोमवारी मोत्लाबाने खुशीत होते. "गावाने पुला म्हटलंय, आता चर्चा कशाला? कुणाचा विरोध?"

लांबलचक टेबलाभोवती सगळे आपल्या चहाच्या कपात बघत होते. माझी टाच सुरू झाली. मी दोन्ही हातांनी गुडघा धरला.

"माझा आहे," मी म्हणाले. "गाव माझ्या चुकीने गप्प बसलं. मी त्यांना बोलूच दिलं नाही. विभाग बंद होऊ नये असं माझं मत आहे, आणि ते माझ्या नावाने लिहून घ्या."

"डिसेंबर जवळ आलाय, प्रोफेसर," मोत्लाबाने सावकाश म्हणाले.

"ठाऊक आहे मला."

"झालं तुमचं?"

"माझं झालं. आता बाकीच्यांचं ऐकू या."

कुणीच बोलेना. चहा गार होत होता. मोत्लाबानेंनी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्या जिभेवर दहा वाक्यं आली होती. मी ती गिळली आणि गुडघा आणखी घट्ट धरला. खूप वेळ गेला. इतका वेळ मी जन्मात कधी गप्प बसले नव्हते.

मग टेबलाच्या पार टोकाला कुणीतरी घसा खाकरला, आणि एक खुर्ची करकरली.