शून्यकाका

बुटाची सुटलेली नाडी पायाखाली येऊ नये म्हणून शून्यकाका फेंगडे चालत खोलीत आले आणि खुर्चीत टेकले. परिचारिकेने सकाळपासूनचा अकरावा फॉर्म पुढे ओढला. तिचे डोळे चुरचुरत होते. चहा केव्हाच गार झाला होता.

मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षं रुग्णांचा पिच्छा पुरवायचा आणि दर भेटीला तेच वीस प्रश्न विचारायचे, हे तिचं काम. त्रास किती, शून्य ते दहा. काका दरवेळी सगळीकडे शून्य सांगत, म्हणून विभागाने त्यांचं हे नाव ठेवलेलं. मोठे डॉक्टर त्यांना विद्यार्थ्यांसमोर मिरवत. आज त्यांची शेवटची भेट होती.

"चालताना?"

"शून्य. लिहून टाका ना ताई, सगळीकडे भोपळा."

"मोजे-बूट घालताना?"

"शून्य."

तिची नजर नाडीवर गेली.

"आज काकू नाही आल्या?"

"आलीय की. खाली नंबर लावून बसलीय. तिची कंबर धरलीय हो, दोन महिने झाले. वाकली की कळ येते."

"तुमचे मोजे-बूट कोण घालतं?"

"तीच. ऑपरेशन झाल्यापासून." काका हसले. "मग मला कसला आलाय त्रास? खोटं नाही सांगितलं मी."

तिचं पेन थांबलं. इतक्या भेटींत हे विचारायचं तिला एकदाही सुचलं नव्हतं. तिला स्वतःचाच राग आला.

तेवढ्यात दार ढकलून काकू आल्या. एका हातात केसपेपर, दुसरा कमरेवर.

"माझ्या नंबराला अवकाश आहे अजून. अहो, नाडी सुटलीय, पडाल ना!"

टेबलाचा कोपरा धरून, ओठ घट्ट दाबून त्या वाकायला लागल्या. काकांनी पाय मागे घेतला.

"राहू दे. मी बघतो."

ते वाकले. हात गुडघ्याखाली गेला, नडगीपर्यंत पोचला आणि अडकला. नाडी अजून वीतभर लांब होती. बोटं चाचपडत राहिली, कपाळावर घाम आला.

"आता किती, काका?" तिने हळूच विचारलं.

"आठ." ते तसेच वाकून होते. "आठ लिहा."

तिने आठ लिहिले.

"आणि ताई, मागचे सगळे शून्य खोडा."

"मागचं खोडता येत नाही, काका."