आलं का?

पत्रा लागताना चॅनलवाले दाखवत नाहीत. तेवढं तारतम्य त्यांना आहे.

चित्र सुरू होतं तेव्हा माझे बाबा आमच्या खालापूरच्या घराच्या स्लॅबवर असतात. डाव्या हाताने डिशचा पाइप कवटाळलेला, उजव्या हातात पाना. शर्ट पाठीवर उभा फाटलेला. मागे शेवग्याचं झाड मुळापासून उन्मळून कुंपणावर आदळतं, तरी ते वळून बघत नाहीत. ते वाकतात, घराच्या खिडकीकडे तोंड करतात आणि काहीतरी ओरडतात. त्याच वेळी वरच्या कोपऱ्यात शेजारच्या वजनकाट्याच्या शेडचा उडालेला पत्रा दिसू लागतो. चॅनल त्याच्याभोवती लाल वर्तुळ काढतं आणि चित्र गोठवतं. आवाज त्यांनी काढून टाकला आहे. त्या जागी ढोल वाजतात.

पुढचं मी एकदाच, समोरच्या दुकानातल्या देवेशच्या मोबाइलवर पाहिलं. पत्रा आडवा आला आणि मानेत शिरला. बाबा लगेच पडले नाहीत. हात पाइप धरून राहिला होता.

टाळेबंदीच्या वर्षी जूनमध्ये आलेलं ते वादळ. तेव्हापासून ओडिशात येवो की गुजरातेत, कुठेही वादळ आलं की माझे बाबा स्लॅबवर चढतात. मी कर्जतच्या कॉलेजात शिकवते. स्टाफरूममध्ये कोणीतरी म्हणतंच, की हे चॅनलवाले वादळाचा अतिरेक करतात, दोन-दोन दिवस दुसरी बातमी नाही. मी उत्तरपत्रिका तपासत राहते. चॅनलला मी तीनदा लिहिलं. एकदाच उत्तर आलं: सदर दृश्य जनजागृतीसाठी आहे.

खरं तर आमच्याकडे वादळ येईल असं कोणालाच वाटलं नव्हतं. वादळ म्हणजे समुद्राकाठच्यांचं दुखणं. माझी जनामावशी नागावला राहते, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. आदल्या संध्याकाळी बाबा तिला फोनवर कौलांवरून दोर कसे टाकायचे ते शिकवत होते. त्यांचं टीव्ही दुरुस्तीचं आणि डिश बसवण्याचं दुकान होतं, दोर-तारा-पाइप यांतलं त्यांना कळायचं. मी म्हटलं, "बाबा, आपल्या घराचंही बघा." ते हसले. "आपल्याकडं काय समुद्र हाय?"

टीव्हीवर दिवसभर अलिबागच दिसत होतं. दुपारी वादळ किनाऱ्यावर चढलं आणि सरळ आमच्या अंगावर आलं. मी कर्जतला दार खाटेने अडवून बसले होते. पळसदरीच्या पुढे रस्त्यावर झाडं आडवी पडली होती. मी दुसऱ्या दिवशी पायी, फांद्यांखालून सरपटत खालापूरला पोचले, तोवर बाबांना चादरीत गुंडाळलं होतं. चादर मानेपाशी काळी पडली होती. आई एवढंच म्हणाली, "सिग्नल गेला म्हून वर गेले." त्यानंतर त्या दिवसाबद्दल ती एक शब्द बोलली नव्हती.

पण वादळाच्या बातम्या ती चुकवत नाही. सकाळपासून टीव्हीसमोर पाटावर बसते, जेवत नाही, कोणी मध्ये आलं तर हाताने बाजूला सारते. मला वाटायचं, ती स्वतःला शिक्षा करून घेते आहे. या वर्षी मे महिन्याच्या शेवटी पुन्हा अरबी समुद्रात वादळ तयार झालं आणि मी ठरवून खालापूरला गेले. म्हटलं, "आई, डिशचा रिचार्ज संपलाय. मी आता भरणार नाही."

"नको भरू," ती म्हणाली. "मी जनाकडं जाते. तिच्याकडं हाय टीव्ही."

मी रिचार्ज भरला.

दुपारी त्याच चॅनलची गाडी दारात आली. बाहेर वारा सुटला होता, पण अजून पाऊस नव्हता. समिधा नावाची बातमीदार उतरली, विशीतली, पायात गमबूट. तिच्या मागे कॅमेरावाला.

"मॅडम, दोनच मिनिटं. स्लॅबवरून एक शॉट आणि तुमची छोटीशी बाइट."

"माझी पत्रं वाचलीत का?"

"ती डेस्कला जातात, मॅडम. मी फील्डवर असते."

"मग डेस्कला सांगा, माझ्या वडिलांना आता खाली उतरवा. किती दाखवणार आहात?"

तिने धुळीने भरलेला बूट पायरीला घासला. "तुम्ही म्हणता फार दाखवतो. त्या वर्षी आमच्या सगळ्या गाड्या बीचवर होत्या. खालापुरात एक तरी होती का? एखादी असती आणि वादळ इकडे वळलंय असं कोणी सांगितलं असतं, तर तुमचे वडील वर चढले असते का?"

ती उर्मट नव्हती. तिचं म्हणणं खरं होतं. एवढ्यात कॅमेरावाला बाजूच्या लोखंडी शिडीवर चढू लागला होता.

"ए! खाली उतर."

समोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून देवेश रस्ता ओलांडून आला. तो बाबांच्या हाताखाली शिकलेला, चाळिशीचा माणूस. ते चित्र त्यानेच मोबाइलवर टिपलं होतं.

"अरे, तुम्हीच ना ते क्लिपवाले?" कॅमेरावाला शिडीवरून खुशीत म्हणाला. "या ना साहेब, तुमचीबी बाइट घेऊ. काय फ्रेम पकडली होती तुमी!"

देवेशने त्याचा पट्टा धरून त्याला खाली खेचलं. त्याचं तोंड शिडीच्या पायरीवर आपटलं, भुवई फाटली आणि रक्त डोळ्यात उतरलं. देवेशने कॅमेरा उचलून दगडी जोत्यावर घातला. एकदा, दोनदा. काच फुटून माझ्या पायावर उडाली. "दाखव! हे दाखव आता!" कॅमेरावाला आंधळ्यासारखा त्याच्या पायांना झोंबला. देवेशने त्याच्या बरगडीत लाथ घातली. समिधा देवेशच्या पाठीवर माइकचा दांडा हाणत होती. मी देवेशला मागे ओढायला गेले. त्याचे केस माझ्या मुठीत आले आणि मी ओढलं, पुन्हा ओढलं, त्याच्या कानशिलावर मूठ मारली. मग पुन्हा मारली. चौथ्या-पाचव्या ठोशाला माझ्या लक्षात आलं की मी त्याला आवरत नाही, मारते आहे.

तो गुडघ्यावर बसला. हात वर केले नाहीत. "मार, विनूताई. मला वाटलं काका मजा करतायत. चित्र काढताना मी हसत होतो गं."

मी हात उचलला. तेव्हाच घरातून आईचा आवाज आला, आयुष्यात कधी ऐकला नव्हता असा, गळा फाटेल असा.

"अवं, आलं! आलं! उतरा खाली!"

आम्ही सगळे होतो तिथे थांबलो.

मी आत धावले. टीव्हीवर एका बाजूला निवेदक बोलत होता, दुसऱ्या चौकटीत बाबा. वाकले, खिडकीकडे वळले, तोंड उघडलं. आई पाटावरून उठून, दोन्ही तळवे तोंडाभोवती धरून पडद्याकडे बघत ओरडली, "आलं! उतरा!" लाल वर्तुळ आलं. चित्र गोठलं. पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. ती पुन्हा ओरडली. तिच्या मानेच्या शिरा दोरासारख्या ताठ झाल्या होत्या.

लहानपणापासून मी त्या दोघांना असंच पाहिलं होतं. बाबा वर अँटेना किंवा डिश फिरवायचे आणि विचारायचे, आलं का? आई खिडकीतून सांगायची, नाय आलं. थोडं डावीकडं. आलं, आलं! ती आलं म्हणेपर्यंत ते खाली उतरायचे नाहीत. सगळ्या गावात त्यांची हीच पद्धत होती. गिऱ्हाइकाच्या घरीसुद्धा ते तिला घेऊन जायचे.

मी तिचे खांदे धरले.

"चित्र आलं व्हतं गं," ती म्हणाली. "लगेच आलं व्हतं. नागावचा किनारा दावत व्हते. मी जनीचं घर शोधत बसले, ती माडाच्या मागची कौलं. ते वरून इचारत व्हते, आलं का, आलं का. मी म्हनलं, थांबा जरा, जनीचं घर दिसूदे. मनातच म्हनलं. बोललेच नाय."

मावशीच्या घराचं एक कौलही हललं नव्हतं.

दारात समिधा उभी होती. कधी आली ते कळलं नाही. झटापटीत तिचा गाल सुजला होता, हातात तुटलेला माइक. ती आईकडे आणि पडद्याकडे आळीपाळीने बघत होती. मग तिने वळून फोन लावला. मोठ्याने बोलली, कोणाला तरी शिवी दिली, पुन्हा बोलली. थोड्या वेळाने चौकटीतून बाबा नाहीसे झाले. त्या जागी कुठल्यातरी बंदरात हेलकावणाऱ्या होड्या आल्या.

"काढलं," ती मला म्हणाली. "आता नाही लावणार. मी बघते."

एवढी वर्षं मी हेच मागत होते. मी तिचे आभार मानायला तोंड उघडलं.

आईने होड्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. तिचा आवाज पार बसला होता. "कुठं गेले? आत्ता तर तिथं उभे व्हते." तिने माझं मनगट धरलं, नखं कातडीत रुतली. "विने, त्या पोरीला सांग. ते वरच हाएत अजून. मी सांगितल्याबिगर उतरायचे नाईत."

बाहेर कॅमेरावाला विव्हळत होता आणि देवेश त्याच्या कपाळावर आपला रुमाल दाबून बसला होता. पावसाचे पहिले थेंब पत्र्यांवर वाजू लागले. मी दारात गेले. समिधाने फोन खिशात टाकला होता.

"परत लावायला सांगा," मी म्हटलं.

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "मॅडम?"

"आमचं चित्र. परत लावायला सांगा."

आत आईने पाट खिडकीजवळ ओढला.