पट्टीखाली गेलेले दत्तात्रयकाका

मी मंडळाची वेबसाइट फुकटात करून दिली, तीच माझी चूक. गणपती चार दिवसांवर आलेले आणि नलिनीकाकूंचा फोन, "वैदेही, हे यंदा पूजेला येणार नाही म्हणतात. तुम्ही लोकांनी त्यांचं नाव काढलंत ना!"

मी कपाळावर हात मारून घेतला. कोलकात्यातल्या आमच्या मंडळात गणपतीची प्राणप्रतिष्ठा बँकेतून निवृत्त झालेले दत्तात्रयकाकाच करतात, गेली एकतीस वर्षं. दुसऱ्या कुणाला ती येत नाही. म्हणून मानकऱ्यांच्या यादीत पहिलं नाव त्यांचंच घालायची पद्धत. आणि वेबसाइटवरही ते मी स्वतः घातलं होतं!

एस्प्लनेडच्या ऑफिसातून तडक भवानीपूरला काकांच्या घरी गेले. काकांनी गाल फुगवून आपल्या मोबाइलवर 'मानकरी' दाबलं. पान सुळकन खाली सरकलं, थांबलं आणि पहिलं नाव दिसलं ते दिगंबर सोमणांचं.

"बघ. परवा बदलीवर आलेला दिगंबर!"

"अहो काका, जरा बोटानं खाली ओढा ना पान!"

"मी का ओढू? मान काय मागून घ्यायचा असतो?"

कप्पाळ माझं! मंडळाच्या नावाची पट्टी मी वर कायमची चिकटवली होती, काका तिच्याखाली गेले होते. पान सरकून थेट स्क्रीनच्या वरच्या कडेला थांबत होतं, पट्टीची उंची धरतच नव्हतं. तिथंच लॅपटॉप उघडला आणि वर पट्टीएवढी जागा सोडायला सांगणारी एक ओळ घातली. पान पुन्हा उघडून मोबाइल त्यांच्या हातात दिला. "दाबा आता."

पान सरकलं. 'दत्तात्रय महादेव गोडबोले' ठसठशीत दिसलं. काकांनी पुन्हा दाबलं. चांगलं पाच वेळा दाबलं. मग हळूच म्हणाले, "मला वाटलं, गेल्या वर्षी मी मधले मंत्र विसरलो, म्हणून काढलंत. तेच तेच दोनदा म्हणून वेळ मारून नेली होती गं."

माझा राग कुठल्या कुठे पळाला. फार वाईट वाटलं. "काका, कुणालाच कळलं नाही ते. आम्हाला एकही मंत्र येत नाही. तुम्ही थांबलात की आम्ही फुलं वाहतो."

काका ताडकन उठले. "एकही नाही? एकतीस वर्षांत? अगं नलिनी, पोथी काढ! आणि तू गं, कुठे निघालीस? बस खाली!"

मी लॅपटॉप मिटला आणि मुकाट्यानं मांडी घातली.