दगडी गेली

"घ्यायचा," मी म्हणालो.

"अजिबात न्हाय. शॉर्ट मारायचा," राजवीर म्हणाला.

शाहूपुरीतल्या आमच्या एवढ्याशा ऑफिसात सकाळपासून हीच झटापट चालली होती. राजवीर माझा भागीदार. बारा वर्षं आम्ही दोघं लोकांना शेअर घ्यायला-विकायला मदत करतोय आणि बारा वर्षांत आमचं एकदाही एकमत झालेलं नाही. आज भांडणाचं कारण होतं नंदिजीन बायोटेक. म्हशीची कास सुजून दगडासारखी घट्ट होते त्या रोगावर, म्हणजे दगडीवर, या कंपनीनं इंजेक्शन काढलं होतं. महिन्याभरात शेअर तिप्पट झाला होता.

आमच्या दोघांच्या मधल्या खुर्चीवर माझी थोरली बहीण निर्मलाआक्का मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. शिरोळजवळच्या एका गावात, दूध संस्थेत, तिनं अठ्ठावीस वर्षं दूध तपासलं. गेल्याच महिन्यात निवृत्त झाली आणि हातात चार लाख आले. त्यातून तिला रस्त्याकडेला स्वतःच्या नावाचं दूध तपासणी केंद्र काढायचं होतं. पैसे थोडे कमी पडत होते. "माझ्याकडं दे, दोन महिन्यात दुप्पट करून देतो," असं मीच फोनवर बोलून बसलो होतो. थोरल्या बहिणीला शेवटी आपणही काही देऊ शकतो, या विचारानं माझी छाती जरा फुगली होती.

"शॉर्ट म्हंजे काय रं?" आक्कानं विचारलं.

"आक्का, आपल्याकडं न्हाय तो शेअर आत्ता चढ्या भावानं इकायचा," राजवीर हात चोळत म्हणाला. "बाजार बंद व्हायच्या आत पडला की स्वस्तात घिऊन भरून टाकायचा. मधला फायदा आपला."

"न्हाय ते इकायचं?"

"व्हय की."

"दूध घालायच्या आधीच माप लिवल्यागत झालं की रं हे! अठ्ठावीस वर्षांत मी तेवढं एक केलं न्हाय."

मी लगेच संधी साधली आणि कंपनीचा अहवाल तिच्यापुढं सरकवला.

"म्हणून म्हणतो, घे. हे बघ, तुझ्या गावातबी चाचणी झालीया. एकतीस म्हशी. त्यातल्या एकोणतीस बऱ्या!"

शेवटच्या पानावर म्हशींच्या मालकांची नावं होती. इंजेक्शन दिल्यावर तीन महिन्यांनी कंपनीनं त्यांना फोन केले होते. त्यांची उत्तरं नावापुढं जशीच्या तशी छापली होती. आकाराम : दगडी गेली. झुंबरबाई : दगडी गेली. गणपतराव : गेली की. आक्कानं नाकावर चष्मा चढवला आणि बोट ठेवत ठेवत वाचू लागली. निम्म्यावर येऊन ती खदखदून हसली. मग चिमणाबाईच्या नावापाशी तिचं बोट थांबलं आणि हसूही थांबलं.

"मल्लेश, आमच्या गावात दगडी कुणाला म्हंत्यात?"

"रोगाला."

"रोगालाबी म्हंत्यात, आन् रोग झालेल्या म्हशीलाबी म्हंत्यात. 'दगडीला येगळी बांध', 'दगडीला पेंड घाल'. ह्यांनी फोनवर इचारलं, दगडी गेली का? लोकं म्हणाली, गेली. आरं, म्हस गेली! बाजाराला गेली! सड आटल्यावर दावणीला कोण ठेवतंय तिला?"

"कशावरनं म्हणतीस?"

"कुणाच्या घरचं दूध कवा बंद झालं ते माझ्याबिगर कुणाला ठावं असणार? ह्या एकोणतीसातल्या बावीस इकल्यात. आन् ही चिमणाबाई. एकच म्हस हुती तिची. व्यापाऱ्यानं दावं सोडलं तवा दोन दिस जेवली न्हवती बाई. ती फोनवर रडत म्हणाली आसंल, गेली म्हणून. ह्यांनी बरी झाली म्हणून लिवलं!"

तिचा आवाज इतका चढला की खालचा झेरॉक्सवाला वर डोकावून गेला.

राजवीरनं टेबलावर थाप मारली. "म्हंजे पडणारच! मी काय म्हणत हुतो?" आणि त्यानं तिथल्या तिथं स्वतःच्या खात्यावर शॉर्ट मारलासुद्धा. मी सकाळीच स्वतःसाठी थोडे शेअर घेऊन ठेवले होते. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. एका गावानं काय होतंय, दोन दिवस थांबून विकू, असं मी मनाशी ठरवलं.

आक्का मात्र पान उलटून खालचा नंबर बघत होती. "फोन लाव रं. मी सांगतो त्यास्नी."

"आक्का, तिथं शिकलेली माणसं असत्यात. तुझं कोण ऐकणार?"

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं. त्याची मला आजही शरम वाटते.

तिनं स्वतःच नंबर फिरवला. आधी कुणी हिंदीत बोललं, मग बराच वेळ नुसतं संगीत वाजलं. शेवटी कंपनीतल्या विद्याश्री नावाच्या शास्त्रज्ञ बाई फोनवर आल्या. त्यांचं मराठी अडखळत, कानडी वळणाचं होतं. आमचं आजोळ निपाणीच्या पलीकडचं, कानडी मुलखातलं. आक्कानं खुर्ची पुढं ओढली आणि सरळ कानडीत सुरू झाली.

"रोग अल्ल री, एम्मे होयतु!" रोग नव्हे हो, म्हैस गेली!

तिकडून हळू आवाजात प्रश्न आला, "एष्टु री?" किती?

आक्कानं डोळे मिटले आणि बावीस नावं सांगितली. कागदाकडं न बघता. प्रत्येक नावापुढं दूध कोणत्या आठवड्यात बंद झालं तेही सांगितलं. पलीकडून लिहून घेतल्याचा, मधेच "थांबा, अम्मा, थांबा" म्हटल्याचा आवाज येत होता. वीस मिनिटं मी आणि राजवीर शाळेतल्या पोरांसारखे हाताची घडी घालून ऐकत होतो. आमच्या ऑफिसात इतक्या खात्रीनं बोलणारं माणूस मी त्याआधी बघितलं नव्हतं, आणि ती माझी बहीण होती.

बाजाराला अर्थात यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याच दुपारी शेअर दिवसाच्या वरच्या मर्यादेला जाऊन चिकटला. विकणारा एकही नाही, त्यामुळं राजवीरला परत घेता येईना. दंडासकट भुर्दंड पडला. बरोबर असूनही बुडालास, म्हणून मी त्याला चार दिवस चिडवलं. पाचव्या दिवशी कंपनीनं जाहीर केलं की चाचणीचे निकाल मागे घेत आहोत, सगळ्या म्हशी पुन्हा तपासू. शेअर रोज कोसळायला लागला. मी गुपचूप घेतलेल्या शेअरना घेणारा मिळेना, आणि ते उघड झालं. मग चिडवायची पाळी राजवीरची आली, आणि त्यानं ती अजून सोडलेली नाही.

आक्काचे चार लाख जिथल्या तिथं होते.

पंधरा दिवसांनी विद्याश्रीबाई स्वतः कोल्हापूरला आल्या. दुसऱ्या गावांतही तोच घोळ निघाला होता. फेरतपासणीचं तालुक्याचं काम त्यांनी आक्काला दिलं, रीतसर मानधनावर. केंद्राला कमी पडत होते ते पैसे त्यातून उभे राहिले. "निर्मला दूध तपासणी केंद्र" ही पाटी मी शिडीवर चढून लावली. आक्का खालून "डावीकडं घे, आणखी डावीकडं" म्हणून अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडत होती. राजवीरनं शिडी धरली होती.

नव्या फॉर्मवर पहिला प्रश्न आक्कानं सांगून घालून घेतला होता : म्हैस गोठ्यात आहे का? बघितल्याशिवाय उत्तर लिहायचं नाही, अशी तिची अट होती.

पहिला फॉर्म तिनं चिमणाबाईचा भरला होता. आक्काला आणि विद्याश्रीबाईंना मीच गाडीतून घेऊन गेलो होतो. गोठ्यात खुंटा होता, त्याला जुनं दावं तसंच गुंडाळलेलं होतं.

"माझ्यात म्हसच न्हाय," चिमणाबाई म्हणाल्या. "माझं काय लिवणार गं?"

"तेच लिवायचं हाय, मावशी."

आक्का गोठ्यात आत गेली, खुंट्यापर्यंत. मग तिनं तिथंच उभ्या उभ्या 'नाही' असं लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. विद्याश्रीबाईंनी खाली सही केली.

चिमणाबाईंनी तो कागद हातात घेतला, बराच वेळ बघितला. त्यांना वाचता येत नव्हतं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "आता बरोबर हाय." मग कागद आक्काला परत देऊन त्यांनी कोनाड्यातला तांब्या उचलला. "बसा, पावणं. च्याला शेजारनं दूध आणतो."